गावातली तीन मिनिटं

आठव्या फेरीलाही अकरा नंबरची मोटार गावाच्या तोंडाशी थांबली आणि अ‍ॅम्ब्रोज केचम सायकलवर टांग टाकून तिच्यापुढे झाला. बाहेरच्या रस्त्यावर ताशी साठ मैलांनी धावणाऱ्या गाड्यांनी गावातून मात्र सायकलच्या मागे, सायकलच्याच चालीने जायचं, असा शर्यतीचा नियम होता. त्यासाठी तीन मिनिटं माफ होती. त्यापुढचा प्रत्येक सेकंद गाडीच्या वेळेत धरला जाई.

शर्यत न्यूयॉर्कच्या श्रीमंतांची. टटल्स कॉर्नरच्या लोकांना तिच्याशी फारसं कर्तव्य नव्हतं. ते पहाटेपासून ओसऱ्या धरून बसले होते ते या एका गाडीसाठी. कारण ती क्लाइड रेनर चालवत होता, आणि कुठल्या गाडीपुढे कोणी सायकल चालवायची याच्या चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा रेनरच्या वाट्याला नेमका अ‍ॅम्ब्रोज आला होता. देवाच्या घरी न्याय आहे, असं त्या दिवशी चर्चला न जाणारेही म्हणाले.

नऊ वर्षांपूर्वी हे दोघं सायकलच्या शर्यतीत धावत. जिल्ह्याच्या जत्रेत शेवटच्या वळणावर अ‍ॅम्ब्रोज पुढे होता आणि रेनर त्याला खेटून. रेनरने कोपराने ढकललं, अ‍ॅम्ब्रोज पडला, गुडघ्याचा चुरा झाला; गावातल्या शेंबड्या पोरालाही ही गोष्ट पाठ होती. पंचांनी रेनरला सायकलच्या शर्यतींतून कायमचं काढलं. गावाने अ‍ॅम्ब्रोजला सायकल दुरुस्तीचं दुकान थाटून दिलं. त्याला एडासारखी बायकोसुद्धा त्या गुडघ्यामुळेच मिळाली, असं न्हावी म्हणे, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

"केचम, सावकाश रे," न्हावी आताही दारातून म्हणाला. "गुडघ्याला जप. साहेबांना कसली घाई आलीय?"

लोक हसले. रेनर मान खाली घालून बसला होता. सात फेऱ्यांत लोकांनी त्याला वाट्टेल ते सुनावलं होतं, कुणी उष्टं सफरचंदही फेकलं होतं. 

गिरणीपासून रस्ता उतरतो. तिथे रेनर गाडी नुसती घरंगळू देई आणि इंजिनाचा गोंगाट जरा कमी होई. त्या उतारावर अ‍ॅम्ब्रोजला मागून आवाज आला. चाकाच्या फिरण्याबरोबर टक्, टक्. मागच्या फेरीलाही तो, चाकाच्या एका फेऱ्याला एकदा असा, ओझरता ऐकू आला होता, पण त्याने तो खडीचा समजून सोडून दिला होता. आता एका फेऱ्याला दोनदा टक् होत होतं. नऊ वर्षं ज्याने चाकांशिवाय दुसरं काही केलं नाही, त्याला वळून बघावं लागत नाही. पुढच्या डाव्या चाकाचे लाकडी आरे मधल्या तुंब्यातून सुटत चालले होते. गावाबाहेर सरळ रस्ता, मग दगडी भिंतीचं वळण. त्या वळणापर्यंत हे चाक टिकणार नव्हतं.

त्याने मागे वळून तसं सांगितलं. शेजारी बसलेला मेकॅनिक खाली वाकला. चाकावर चिखल आणि तेलाचा थर होता, दिसणार काय? त्याने मान हलवली. रेनरने मात्र पहिल्यांदाच चष्मा कपाळावर सरकवून अ‍ॅम्ब्रोजकडे पाहिलं.

"सूड घ्यायचा तर घे, अ‍ॅम्ब्रोज," तो म्हणाला. "तुझा हक्क आहे. पण आज नको. दोनच फेऱ्या राहिल्यात आणि मी सगळ्यांच्या पुढे आहे."

गावाचं दुसरं टोक आलं. गाड्यांना पुढे सोडणारा झेंडेवाला वीस पावलांवर उभा होता. अ‍ॅम्ब्रोज उतरला, सायकल गाडीपुढे रस्त्यात आडवी टाकली आणि तिच्या पलीकडे स्वतः उभा राहिला.

झेंडेवाल्याशेजारच्या पंचाने घड्याळ दाखवून तीन मिनिटं झाल्याचं ओरडून सांगितलं. गावात एकदम टाळ्यांचा कडकडाट झाला. न्हाव्याने टोपी उडवली. केचम एक दिवस याचा हिशेब चुकता करणार हे आपण कधीच ओळखलं होतं, असं जो तो शेजाऱ्याला सांगू लागला. शिंपिणीच्या पायरीवर एडा उभी होती. तीही हात डोक्यावर उंच धरून टाळ्या वाजवत होती, आणि अ‍ॅम्ब्रोजला ती दिसली.

रेनरने गाडी पुढे घेतली. सायकलच्या तारा वाकल्या. अ‍ॅम्ब्रोज हलला नाही. त्याला भीती वाटत होती, फार वाटत होती, पण ती गाडीची नव्हती.

तो बोलला ते शिंपिणीच्या पायरीपर्यंत ऐकू जाईल असं बोलला.

"सूड कसला घेऊ? तू मला ढकललंच नव्हतंस. माझाच पाय पेडलवरून सुटला आणि मी पडलो. पंचांपुढे मी खोटं बोललो. आता तरी उतर आणि चाक बघ."

टाळ्या थांबल्या. एडाचे हात सर्वांत शेवटी खाली आले.

रेनरने इंजिन बंद केलं. मेकॅनिकने उडी मारून चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. एक आरा सुटून त्याच्या हातात आला, मग दुसरा. त्याने तेलकट हातानेच छातीवर क्रुसाची खूण केली.

रेनर चाकाकडे गेलाच नाही. मागून आलेली गाडी त्याला ओलांडून पुढे गेली, तिकडेही त्याचं लक्ष नव्हतं. तो अ‍ॅम्ब्रोजसमोर येऊन उभा राहिला. एवढ्या जवळ ते दोघं नऊ वर्षांत आले नव्हते.

"मला नीट आठवत नव्हतं," तो हळू आवाजात म्हणाला. "सगळेच म्हणत होते, म्हणून मीही धरून चाललो, की ढकललं असणार मी."