ये-जाचे कलम

चंद्रावरची शुभ्रवाडी ही वसाहत चांद्रसंघातून बाहेर पडत होती. पाण्याची, प्राणवायूची वाटणी ठरली होती. अडले होते ते ये-जाचे कलम. ते सुटले नाही, तर आजची बैठक संपताच सीमा बंद होणार होती. आणि शुभ्रवाडीच्या प्रतिनिधी शरयूताईंची लेक पलीकडे, संघात नांदत होती. तिला सातवा महिना होता.

"ताई, आमचे लोक रागावलेत. ये-जा नको म्हणतात," संघाचे बोरकर म्हणाले.

"आमचे तरी कुठे हसताहेत?"

मध्ये करारयंत्र ऐकत बसले होते. एकाने बोलावे, दुसऱ्याने होकार द्यावा, की ते कलम पक्के करी.

अखेर शरयूताई उठल्या. डोळे भरून आले होते. दाराशी पोचल्यावर मागे वळून सवयीने म्हणाल्या, "बरंय, येते मी."

"या," बोरकरही सवयीनेच म्हणाले.

यंत्राचा हिरवा दिवा लागला. "ये-जाचे कलम मंजूर. जाणारा पक्ष येतो म्हणतो, संघ या म्हणतो."

"अहो, ही तर बोलायची रीत झाली," बोरकर गडबडले. "खोडायचं तर तुम्हाला 'जाते' म्हणावं लागेल."

"निघताना जाते म्हणू? आणि तुम्ही मला येऊ नका म्हणाल?"

बोरकर हसले. "आई घरात घेणार नाही मला. राहू दे तसंच."

शरयूताईंचा जीव भांड्यात पडला. "गुरुवारी लेकीचं डोहाळजेवण आहे. तुम्हीही या."

"येतो," बोरकर म्हणाले, आणि यंत्राने तेही कलम पक्के केले.