उलटी सीट

"जावईबापू, बाळाची सीट उलटी लावताय तुम्ही," सासरे म्हणाले.

"तान्ह्या बाळाची अशीच लावतात, अण्णा. तोंड गाडीच्या मागच्या बाजूला."

दवाखान्याच्या दारात त्यांची, जवळपास माझ्याच वयाची, गाडी उभी होती. बायको आणि लेक इथूनच सव्वा महिन्यासाठी माहेरी, इस्लामपूरला निघाल्या होत्या. त्या जुन्या गाडीत सीटचा बेस काही बसेना, म्हणून मी ती नुसत्या सीटबेल्टनं बांधत होतो. पट्टा खाचांतून ओवला, ओढला, तरी सीट डुगडुगतच होती.

"कशाला एवढी झटापट? मांडीवर घेईल की तिची आई. आमची पोरं अशीच वाढली."

मी परत पट्टा ओढला.

अण्णा थोडा वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले. मग चष्मा खिशात ठेवून आत वाकले आणि दोन्ही हातांनी सीटवर सगळा भार टाकला. "हं, ओढा आता."

पट्टा घट्ट बसला. त्यांनी सीट धरून जोरात हलवली. गाडी हलली, सीट हलली नाही.

लेकीला सीटमध्ये बांधलं. बायको शेजारी बसली.

"सावकाश नेतो," अण्णा म्हणाले. "मीही एकदा लेक पाठवलीय, तुमच्याकडे."

गाडी निघाली. अण्णा आणि बायको, दोघंही इस्लामपूरकडे तोंड करून बसली होती. लेकीचं तोंड तेवढं माझ्याकडे होतं.