लाल पट्टीची बाटली

पट्टी आज पुन्हा फाटलेली होती. बाटलीच्या झाकणावरची लाल पट्टी एका बाजूने उचकटलेली आणि तिच्यावरची लोरेटची सही मधोमध तुटलेली. हे काम शेजारच्या टेबलावरच्या टेसाचं, याबद्दल लोरेटला तिळमात्र शंका नव्हती.

व्हरमाँटच्या सरहद्दीवरच्या त्या जकात-दलालांच्या कचेरीत सिरपचं टेबल सव्वीस वर्षं लोरेटचं होतं. कॅनडातल्या क्यूबेकहून ट्रक सुटण्याआधी मालाचा नमुना तिच्याकडे यायचा. चमचाभर जिभेवर ठेवून ती सांगायची, शुद्ध मेपलच्या झाडाचा आटवलेला रस आहे की उसाची साखर घातलेली. शुद्ध असेल तर जकात नाही. साखर असेल तर रकाना बदलतो, जकात बसते, आणि कागदावर चुकीचं लिहिलं गेलं तर ट्रक नाक्यावर अडकून पडतो. "बाटलीवरचं नाव वाचू नका, आत काय आहे ते बघा," हे तिचं वाक्य प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकावं लागे. चाखून झालं की ती बाटलीला लाल पट्टी लावून सही करायची. त्या सहीपुढे साहेबही काही बोलत नसत.

टेसा आली गेल्या वर्षी. एकतीस वर्षांची, हसतमुख, कामाला वाघ. हॉलिस साहेब येता-जाता तिचं कौतुक करायचे आणि लोरेटच्या पोटात दुखायचं. ती टेसाला पाण्यात पाहायची. हे तिने स्वतःशी कबूलही करून टाकलं होतं.

पण आता प्रकरण टेबलापुरतं राहिलं नव्हतं. लोरेटचा नवरा नॉर्मंड दर गुरुवारी दुपारी खिळे आणायला म्हणून बाहेर पडायचा. इतके खिळे कुठे ठोकतो, हे एकदा बघावं म्हणून गेल्या गुरुवारी ती मागोमाग गेली. नॉर्मंड खाणावळीत कोपऱ्यातल्या टेबलाशी बसला होता. समोर टेसा. त्याने टेसाचा हात दोन्ही हातांत धरला होता आणि ती मान हलवत होती. निघताना त्याने तिला मेपलचा डबा दिला. स्वतःच्या भावाने उकळलेला, घरात जपून वापरायचा तो डबा. लोरेट गाडीत बसून रडली. मग तिला रडण्याचाच राग आला.

घरीही तो बदललाच होता. तिने केलेलं वाटाण्याचं सूप निमूट संपवायचा, वर तीन ग्लास पाणी प्यायचा आणि छान झालंय म्हणायचा. दूध तिच्या हातात देण्याआधी स्वतः नाकाशी धरायचा. शरद ऋतूत तर न विचारता गॅसची शेगडी काढून विजेची बसवली. दुसऱ्यांचे नवरे मन खाऊ लागलं की फुलं आणतात, आमचे शेगडी आणतात, असं लोरेटला वाटलं.

सप्टेंबरात ती निवृत्त होणार होती. टेबल आणि नवरा, दोन्ही या मुलीच्या हवाली करून ती घरी बसणार नव्हती. तिने सकाळी आलेला, नुकताच पट्टी लावलेला नमुना उचलला आणि टेसाला घेऊन हॉलिस साहेबांच्या खोलीत गेली.

साहेब आठवडाभर सर्दी-खोकल्याने बेजार होते. नाक चोंदलेलं, डोळे लाल. टेबलावर कागदांचा पसारा, अर्धं खाल्लेलं सँडविच आणि चार-पाच बाटल्या. त्या कचेरीत टाचण्यांपासून औषधापर्यंत सगळं नमुन्याच्या बाटल्यांतच भरलेलं असे. लोरेटने हातातली बाटली त्यांत ठेवली आणि बोलायला सुरुवात केली.

"मी सही केली की ही मागून पट्ट्या फाडून माझ्या बाटल्या उघडते. दोन ट्रकांचे कागद तर मला न विचारता बदलले."

"टेसा, खरं आहे का हे?" हॉलिसनी विचारलं.

"हो."

"पण कशासाठी?"

टेसाने खाली पाहिलं. "शिकत होते."

"शिकत होती! मग दाखव ना काय शिकलीस ते." लोरेटने तावातावाने बाटली ओढली. झाकणावर पट्टी नव्हती. "बघा, एवढ्यात हिचीसुद्धा पट्टी काढली!"

टेसा काहीतरी बोलायला गेली आणि थांबली. लोरेटने दोन चमचे भरले. दाट, काळपट. एक तिने नेहमीसारखा डोळे मिटून जिभेवर घोळवला.

"शुद्ध मेपल. हंगामाच्या शेवटचं. साखर नाही," ती म्हणाली. "आता तू घे. काढ माझी चूक."

टेसाने चमचा तोंडात घातला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लोरेटला बरं वाटलं.

"लोरेटचं बरोबर आहे," टेसा कशीबशी म्हणाली. "माझंच चुकलं. मला लाकडाच्या मालाच्या टेबलावर पाठवा."

हॉलिसनी सुटकेचा श्वास टाकला आणि उद्यापासून तसंच करू म्हणाले. दाराशी टेसा वळली.

"नॉर्मंडना निरोप द्याल? म्हणावं, यापुढे मला जमणार नाही."

"देईन की. आनंदाने देईन," लोरेट म्हणाली.

दार लागलं. हॉलिसना खोकल्याची उबळ आली. त्यांनी चाचपडत चमच्यांशेजारची बाटली उचलली, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"बायकोचा काढा," ते म्हणाले. "कांदा, लसूण आणि व्हिनेगर, काकवीत आटवलेलं. यापेक्षा खोकला..."

त्यांनी हातातल्या बाटलीकडे पाहिलं, मग त्या दोन रिकाम्या चमच्यांकडे.

सँडविचमागे लोरेटची बाटली उभी होती. लाल पट्टी शाबूत, सही अख्खी.

चौदा महिन्यांपूर्वीच्या तापात लोरेटची चव आणि वास दोन्ही गेले होते, आणि हे आपल्याशिवाय जगात कोणालाही ठाऊक नाही, अशी आत्तापर्यंत तिची खात्री होती.