पिल्लाची शीळ

"पुन्हा वाजव," सर म्हणाले.

शाल्मलीने बटणावरचं बोट उचललं. पाण्यात सोडलेल्या स्पीकरमधून आत्ताच एका डॉल्फिनच्या पिल्लाची शीळ गेली होती. प्रत्येक डॉल्फिनची शीळ वेगळी, माणसाच्या नावासारखी. ही शीळ शाल्मलीनेच टिपलेली. ती ऐकून पिल्लाची आई खाडीच्या तोंडापासून धावत आली होती आणि होडीभोवती फेऱ्या मारत होती. संशोधनाला पैसा देणारे पाहुणे होडीच्या काठावरून ओणवून फोटो काढत होते.

"सर, पिल्लू सोमवारीच जाळ्यात अडकून मेलं. आपणच चिरून तपासलं त्याला," ती हळू आवाजात म्हणाली.

"अगं, तिला कुठे माहीत आहे ते? म्हणून तर येते." सरांनी तिचा हात बाजूला सारला आणि स्वतः बटण दाबलं.

आईने बुडी मारून थेट स्पीकरला तोंड लावलं. पाण्यातल्या माइकने तिचा आवाज होडीभर ऐकवला. तीच शीळ, थांबून थांबून, पुन्हा पुन्हा. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. माणसं कशालाही टाळ्या वाजवतात.

जेवणाची वेळ झाली. स्पीकर वर ओढून होडी किनाऱ्याकडे वळवली, तरी पिल्लाची आई मागोमाग येतच राहिली.

"काय म्हणत असेल हो ती?" गॉगलवाल्या बाईंनी विचारलं.

शाल्मलीने तोंड उघडलं, पण सर आधी बोलले.

"ते अजून कळलेलं नाही, मॅडम. त्यासाठीच तर तुमची मदत हवीय."