येतो म्हण

"वायरलेस दुरुस्त झाला का रे?" हौसाताईंनी विचारलं.

"झाला, ताई," मुकिंदा म्हणाला. त्याच्या गळ्यातली पट्टी हिरवीच राहिली.

क्रांतीच्या फौजेत ही पट्टी सगळ्यांच्या गळ्यात होती, खुद्द सेनापती हौसाताईंच्यासुद्धा. खोटं बोललं की पट्टी लाल, आणि लाल झाली की गोळी. पण मुकिंदा खोटं बोललाच नव्हता. वायरलेस चालू झाला होता. फक्त आत बॉम्ब होता, आणि तो फुटायला दहा मिनिटं होती. पंधरा दिवस आरशासमोर उभं राहून त्याने नुसतं खरं बोलायची प्रॅक्टिस केली होती.

"चहा तरी घे."

"नको ताई, घाई आहे." हेही खरंच होतं. त्याने पिशवी उचलली. "जातो मी."

दारावर पहाऱ्याला ठकूमावशी होती. ती खेकसली, "मेल्या, लढाईच्या दिवसांत जातो काय म्हणतोस? येतो म्हण!"

ताई हसल्या. "म्हण बाबा, नाहीतर मावशी काय तुला सोडत नाही."

"उशीर होतोय, मावशी."

"एक शब्द बोलायला कसला आलाय उशीर?"

मुकिंदाने तोंड उघडलं. परत तर तो येणार नव्हता. त्याने तोंड मिटलं. मावशी अजून खेकसतच होती, पण ताई हसायच्या थांबल्या. त्याच्या कपाळावरचा घाम त्यांनी बघितला, मग वायरलेसकडे बघितलं.

"मावशी," त्या उठत म्हणाल्या, "सगळ्यांना बाहेर काढ. ह्याला आत ठेव आणि कडी लाव."