तिसरी रील

पहिली रील मृदुलानं शेवटपर्यंत ऐकली आणि मान हलवली.

"ही नको."

"का पण?" आभानं मोबाइल थांबवला. "सगळ्यांत आसान हीच आहे, आई. व्हिडिओतल्या त्या आयरिश सरांनी साफ सांगितलंय, टिन व्हिसल नवी असेल तर इथून सुरू करा. सूर थोडे, उड्या नाहीत, एकच ओळ फिरून फिरून येते."

"आणि खालचा सा नाही."

"हो ना. म्हणून तर मी तुझ्यासाठी निवडली."

दीड वीत लांबीची ती पत्र्याची बासरीसारखी नळी मृदुलाच्या मांडीवर होती. सहा भोकं. सहाही बंद केली की खालचा सा लागतो, आणि सहावं भोक बंद करायचं ते उजव्या हाताच्या अनामिकेनं. मृदुलाची ती अनामिका दीड वर्षापूर्वी लोखंडी फाटकात सापडून अर्धी गेली होती.

दुसरी रील गोड होती, पण तीही वरवरच्या सुरांतच रमली. तिसरी सुरू झाली तशी मृदुला सावरून बसली. द्रुत केहरव्यासारखी धावती चाल. धून घरंगळत खाली यायची, ‘सा’वर पाय आपटायची आणि तशीच वर पळायची.

"ही."

"आई, एका फेरीत बारा वेळा सा आहे, आणि फेऱ्या दोन. मी मोजलेत."

"असू देत."

फाटक वाजलं. नानासाहेब आले होते. झाशीतल्या मराठी मंडळाचे ते अध्यक्ष. गणपतीच्या कार्यक्रमांची यादी घेऊन बडा बाजारातून प्रेम नगरापर्यंत घरोघर हिंडत होते. खुर्चीत टेकून त्यांनी घाम पुसला, पाणी प्यायलं आणि वही उघडली.

"मृदुलावहिनी, तुमचं नाव टाळांत घातलंय. पेटी यंदाही मुग्धाकडेच."

बावीस वर्षं ती पेटी मृदुलानं वाजवली होती. बोट गेलं त्या वर्षी नानासाहेबांनी ती परस्पर मुग्धाला दिली. तुम्हाला जमेल का, असं विचारलंसुद्धा नव्हतं.

"टाळांतलं नाव काढा," मृदुला म्हणाली. "मी एकटी वाजवणार आहे. रील."

"रील? ती मोबाइलवर बनवतात ती?"

आभाला हसू आलं. "नाही नानाजी. आयर्लंडची नाचाची धून असते, तिला रील म्हणतात. यावर वाजवतात." तिनं आईच्या मांडीवरच्या नळीकडे बोट दाखवलं.

नानासाहेबांनी वही मिटली. आवाज मऊ केला.

"वहिनी, आपली इथं उणीपुरी चाळीस घरं. पोरांना मराठी धड बोलता येत नाही. वर्षातून एकदा गणपतीपुढे आपलं काही कानावर पडतं, तर त्यात हे आयर्लंड कुठं आणता? आणि खरं सांगू? या हातानं तुम्ही वर उभ्या राहिलात तर लोक टाळ्या वाजवतील. भरपूर वाजवतील. पण दयेनं. मला ते बघवणार नाही."

"मग बघू नका," मृदुला म्हणाली. "ऐका."

तिनं नळी ओठांना लावली. अर्धं बोट वर उचलून धरलं आणि त्याच्या जागी करंगळी ताणली. करंगळी पोचायला मनगट बाहेर वळवावं लागत होतं, कोपर पार खुर्चीच्या हाताबाहेर जात होतं. पाच सूर नीट उतरले. सहावा, तो सा, फाटून किंचाळला.

नानासाहेबांनी नजर खिडकीकडे वळवली.

ती थांबली. करंगळी दाबून पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा किंचाळला.

"आई, पहिलीवाली वाजव ना," आभा हळूच म्हणाली. "ती तुला येईल."

"येईल ते माहितीये मला."

तिसऱ्यांदा तिनं फुंक कमी केली. सा लागला. घोगरा, हवेनं भरलेला, पण लागला. मग ती थांबली नाही. चाल मूळच्या निम्म्यानं होती. नाचणाऱ्याचा पाय हवेतच अडकून राहिला असता. सा आला की ती करंगळी जीव खाऊन टेकवायची. दोनदा तो फाटला. फाटलेला तसाच मागे टाकून ती पुढच्या सुरावर गेली. तिची टाच फरशीवर ठेका धरत होती. मान लाल झाली होती, गळ्याची शीर वर आली होती. आभानं मोबाइल उलटा करून ठेवला आणि आईच्या टाचेबरोबर गुडघ्यावर हात मारायला लागली.

फेरीतली सुरांची शेवटची घसरण ‘सा’वर येऊन थांबली. या वेळी तो स्वच्छ होता.

नानासाहेबांनी लगेच टाळ्या वाजवल्या. चार-पाच, घाईघाईनं.

"वा, वा. छान. बघू हं आपण. लोक जमेपर्यंत, आरतीच्या आधी वगैरे, कुठंतरी बसवू." वही काखेत घालून ते उठले आणि दाराशी जाऊन चपला शोधू लागले.

मृदुलानं पदरानं नळीचं तोंड पुसलं. तिनं करंगळी एकदा मुठीत मिटली, उघडली आणि पुन्हा भोकावर नेली.

"बसा, नानासाहेब," ती म्हणाली. "ही अर्धीच झाली."