तिसरी ओळ

सकाळी सात चाळीसला माहरुखने पेशींची तबकडी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. तिसऱ्या ओळीतल्या पेशी जिवंत होत्या.

दोन दिवस त्या कर्करोगाच्या औषधात होत्या. हे औषध गाठ मारतं आणि हृदयही पोखरतं. दुसऱ्या ओळीत नुसतं औषध होतं. तिथे काही उरलं नव्हतं. तिसरीत औषधासोबत डाळिंबाच्या बियांच्या तेलातलं मेदाम्ल होतं. कुठल्या ओळीत कसल्या पेशी, हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही, असा तेहरानच्या या प्रयोगशाळेचा नियम. तो कागद तिचा सहकारी सियामक याच्याकडे बंद पाकिटात होता. याआधी चारही वेळा हृदयाच्याच पेशी निघाल्या होत्या.

माहरुखने पाकिटाची वाट पाहिली नाही. सावे या आपल्या गावी आईला, तूबाला, फोन लावला. तूबा दोन महिने तेच औषध घेत होती आणि मुलीच्या सांगण्यावरून रोज चमचाभर ते तेल. मागच्या आठवड्यात तिच्या हृदयाची तपासणी चांगली आली होती.

“आई, पुन्हा वाचल्या.”

“वाचणारच. डाळिंबं सावेची आहेत, माहरुख जान. तुमच्या तेहरानात असली पिकतात का?”

फोन ठेवला तेव्हा सियामक पाकीट फोडून उभा होता. त्याने कागद दोनदा वाचला.

“या वेळी सरांनी पेशी बदलल्यात. तिसरी ओळ हृदयाची नाही. गाठीची आहे. म्हणजे तेल गाठीलाही औषधापासून वाचवतं.”

माहरुखने पुन्हा फोन लावला.

“आई, तेल बंद कर. आत्ताच.”

“का गं? मी तर काल नवस फेडला. तपासणी चांगली आली तर वाटीन म्हटलं होतं. इस्पितळात आमच्या वॉर्डात तेलाच्या बाटल्या दिल्या, सगळ्यांना माझ्यासमोर चमचाभर प्यायला लावलं.”

“किती जणींना?”

“अकरा. दोघी नवीन होत्या, घ्यायलाच तयार नव्हत्या. म्हटलं, बायांनो, माझी मुलगी याच औषधावर काम करते. मग घेतलं.”

माहरुखने इस्पितळात डॉक्टरांना कळवलं. त्यांनी तूबाची त्या दिवशीची सलाईन थांबवली. दुपारी बारापर्यंत तूबाच्या ओळखीच्या नऊ जणींना फोन गेले होते. त्या दोघी काल सलाईन संपल्यावर आपापल्या गावी गेल्या होत्या. वॉर्डातल्या वहीत कालची एकवीस नुसती नावं होती, फोन नंबर नव्हते. त्यांतली त्यांची कोणती, हे तूबाला सांगता येईना. नवसाचं घेणाऱ्याला नाव विचारत नाहीत.